उलाढाल नको, उरले किती ते विचारा

जानेवारी-फेब्रुवारी आला की महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये बाल आनंद मेळावे आणि आनंद बाजार भरू लागतात. मुले भेळ, इडली, उकडलेली अंडी, भाजीपाला, मेहंदीचे कोन घेऊन बसतात. पालक, शिक्षक आणि आजूबाजूचे लोक खरेदी करतात. शेवटी माइकवरून जाहीर होते की आज इतक्या हजारांची उलाढाल झाली. टाळ्या पडतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरून जातात.

असे बाजार आपल्या मोहल्ल्यांत आणखी भरावेत, असे माझे मत आहे. मात्र ते टाळ्यांपाशी थांबू नयेत.

याला कारण आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के लोक स्वयंरोजगारात होते. हिंदू कामकऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. शहरांत फरक आणखी मोठा होता : ५७ आणि ४३. म्हणजे आपल्यातल्या बहुसंख्य घरांत हातगाडी, गॅरेज, शिलाई मशीन, बेकरी, भंगार, फळांचा ठेला यांपैकी काही ना काही आहे. आपल्या मुलांना धंदा शिकवावा लागत नाही, असे म्हणणारे इथेच फसतात. मुले धंदा पाहतात, पण हिशेब पाहत नाहीत. घरातला गल्ला आणि दुकानाचा गल्ला एकच असतो. त्यातूनच किराणा येतो, त्यातूनच शाळेची फी जाते आणि त्यातूनच माल भरला जातो. महिन्याअखेरीस खरोखर कमावले किती, हे बापालाही सांगता येत नाही. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर हेच आडवे येते. बँकांचा आपल्या वस्त्यांबद्दलचा दुजाभाव खरा आहे. सच्चर समितीनेही तो नोंदवला आहे. त्याच्याशी भांडायलाही हातात कागद लागतो.

आता मुलांच्या बाजाराकडे पाहू. समजा, दोन मित्रांनी भेळेचा स्टॉल लावला. ४० डिश, १५ रुपयांना एक. सगळ्या विकल्या तर ६०० रुपये येतील, असा अंदाज. चुरमुरे, शेव, कांदे, बटाटे, चिंच आणि कागदी डिश मिळून ३८० रुपये खर्च झाला. सहा डिश दोस्तांनी फुकट खाल्ल्या. ३४ डिशचे ५१० रुपये झाले, त्यातल्या दोन डिशची उधारी राहिली. हातात आले ४८०. खर्च वजा जाता उरले १००, म्हणजे प्रत्येकी ५०. आदल्या दिवशीची खरेदी, चिरणे-उकडणे आणि स्टॉलवर उभे राहणे धरून प्रत्येकाचे पाच तास गेले. तासाला दहा रुपये पडले.

हा आकडा माइकवरून कोणी सांगत नाही. खरे शिक्षण मात्र त्यातच आहे. दहा रुपये कमी का पडले? फुकट गेलेल्या डिशमुळे, की भाव कमी लावल्यामुळे? कांदे मोहल्ल्यातल्या दुकानातून घेण्याऐवजी मंडईतून घेतले असते तर? शेजारीही भेळच होती, मग आपण दुसरे काही का नाही आणले? हे प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला समजतात. आपण ते विचारत नाही, कारण बहुतेक वेळा भेळ अम्मीने केलेली असते, पैसे अब्बांनी दिलेले असतात आणि ते परत करायची कोणाला आठवणही नसते. मग १०० रुपये उरोत की ६००, मुलाला फरक पडत नाही.

म्हणून तीन साधे नियम असावेत. पहिला, भांडवल उसने घ्यायचे, कागदावर लिहायचे आणि बाजार संपल्यावर आधी तेच फेडायचे. कुरआनातली सर्वांत लांब आयत (सूरह बकरा, २८२) उसनवारी लिहून ठेवण्याबद्दल आहे. जुम्म्याच्या बयानात ती फारशी ऐकू येत नाही, निदान मुलांच्या बाजारात तरी ती अमलात यावी. दुसरा, स्टॉलच्या मागे मोठ्यांनी उभे राहायचे नाही. चूल पेटवायला किंवा तळायला मदत लागली तर करा, पण भाव ठरवणे, ग्राहकाशी बोलणे आणि सुटे परत देणे मुलांचेच काम. तिसरा, प्रत्येक व्यवहार वहीत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तरी यासाठी ॲप बनवा असे सांगणार नाही. साधी वही पुरे. शक्यतो रोखीनेच विका. क्यूआर कोड लावला की पैसे थेट अब्बांच्या खात्यात जातात आणि मुलाच्या हाताला काहीच लागत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. आपल्याकडे मुले आधीच कामाला जातात, त्यांना आणखी पैशाची चटक कशाला लावायची? त्याच सच्चर अहवालात ६ ते १४ वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. आठवी-नववीत गॅरेजला लागलेला मुलगा प्रत्येक मोहल्ल्यात आहे. 'शिकून तरी कुठे नोकरी मिळते' हे वाक्यही प्रत्येक ओट्यावर ऐकू येते.

पण गॅरेजमधला मुलगा आणि बाजारातला मुलगा यांत फरक आहे. गॅरेजमध्ये काय करायचे ते उस्ताद ठरवतो, पैसे घरी जातात आणि काम रोजचे असते. बाजारात मुलगा स्वतः ठरवतो, कमाई त्याची असते आणि संध्याकाळी बाजार उठतो. दुसऱ्या दिवशी तो शाळेत असतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी केली, पण शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदत करण्याची वाट मोकळी ठेवली. याच वाटेने पुष्कळ मुले वर्गातून निसटतात. म्हणून बाजार भरवणाऱ्यांनी आणखी एक अट घालावी : ज्याची शाळेत हजेरी, त्याचाच स्टॉल. आणि शाळा सोडलेला कोणी आला तर त्याला हाकलून देऊ नये. त्याला पुन्हा शाळेत बसवायचे निमित्त मिळाले असे समजावे.

मुलींचा प्रश्न वेगळा. जरीकाम, शिलाई, मेहंदी यांत आपल्या मुली लहानपणापासून तरबेज असतात, पण माल भाऊ विकतो आणि पैसेही तोच मोजतो. हजरत खदीजा स्वतः मक्केतल्या मोठ्या व्यापारी होत्या, हे आपण मुलींना अभिमानाने सांगतो. मग त्याच मुलीने चौकात बसून गल्ला सांभाळला तर लोक काय म्हणतील, याची चिंता कशाला? स्टॉल मुलीचा असेल तर पैशाचा डबाही तिच्याच हातात असावा.

शेवटचे म्हणजे हा बाजार फक्त आपल्यापुरता ठेवू नये. अमक्याकडून खरेदी करू नका, अशा हाका अधूनमधून उठतात. त्यांना भाषणाने उत्तर देता येते, पण शेजारच्या आळीतली मुले आपल्या मुलांच्या शेजारी स्टॉल लावून बसली, एकमेकांना सुटे पैसे देऊ लागली, तर ते उत्तर जास्त टिकते. ईदचा मुहूर्त त्यासाठी चांगलाच आहे, पण ३ जानेवारी, सावित्रीबाईंचा जन्मदिवस, हाही चांगला आहे. त्या दिवशी शाळेचे पटांगण किंवा समाजमंदिराचे अंगण सहज मिळू शकेल.

तुमच्या मोहल्ल्यात चार-पाच तरुण एकत्र आले तरी वीस स्टॉलचा बाजार उभा राहतो. खर्च फार नाही, टेबले आणि सतरंज्या मागून आणता येतात. बाजार उठल्यावर मात्र घाईने घरी जाऊ नका. मुलांना गोल बसवा, वह्या उघडायला लावा आणि प्रत्येकाला विचारा, उसने फेडून तुझ्याकडे उरले किती?