मनगटावरचा उसना उजेड

कोपरखैरण्याहून रेल्वेने नेरूळ तिसरे स्थानक. तेथील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजी ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले. प्रत्येक श्रोत्याच्या मनगटावर एक पट्टी होती. दुरून संदेश येताच अशा हजारो पट्ट्या गाण्याच्या तालावर एकदम उजळत आणि अंधारातील गर्दीची दीपमाळ होई.

वनस्पतिजन्य द्रव्यापासून बनविलेली ही पट्टी भेट नव्हे. पुढील मैफलीसाठी ती परत करावयाची असते. आठवण म्हणून ती घरी आणण्याचा मोह मुलांना होणारच. परंतु उसना माल वेळेवर परत करण्यावरच आपल्या पेढ्यांची पत उभी आहे. मुलांना मैफलीस अवश्य पाठवावे. निघताना एवढी आठवण मात्र द्यावी.