वर्गाबाहेरचा तास : आधी नदी धरा

मध्यंतरी तुमचे हे सर अजिंठ्याच्या डोंगरात हरवले होते. तेही जळगावच्या शाळेत, खुर्चीवर बसून! हसू नका, सांगतो.

आमची सहल अजिंठ्याला जायची होती. जळगावहून लेणी साधारण ६० किलोमीटर. म्हटलं, आधी पोरांना संगणकावर जागा दाखवू. 'गूगल अर्थ' उघडलं. पृथ्वीचा गोळा फिरला, भारत आला, महाराष्ट्र आला, जळगाव आलं. पोरं खूश. मग डोंगर उंच-सखल दिसावेत म्हणून मी दृश्य कलतं केलं, माउस ओढला आणि झालं! जमीन भिंतीसारखी उभी राहिली. आणखी ओढला, तर नुसतं आकाश. मग नुसतं हिरवं. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, जयगाव कोठे शे?" मला तरी काय माहीत कोठे शे! मी माउस एका मुलीच्या हातात दिला. तिच्याकडूनही तेच झालं. ती खाली मान घालून म्हणाली, "मला नाही जमणार सर. मी ढ आहे."

ते ऐकून मला वाईट वाटलं. आधी हरवलो मी, आणि ढ ती कशी?

आता तुम्ही एक गंमत करा. जागेवर उभे राहा. एक पाऊल पुढे-मागे, एक डावीकडे-उजवीकडे, मग एक उडी मारा. झाले तीन प्रकार. आता मान 'हो' म्हणताना हलवतो तशी हलवा, मग 'नाही' म्हणताना हलवतो तशी, आणि शेवटी 'बघू हं' म्हणताना खांद्याकडे कलवतो तशी. हे आणखी तीन. खऱ्या जगात आपण असे सहा प्रकारे हलतो आणि ते आपल्याला शिकवावं लागत नाही. पाय, कान, डोळे सगळे मिळून आपण कुठे आहोत ते सांगत असतात.

आणि माउस? अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली पहिला माउस तयार झाला, तो चक्क लाकडाचा. त्याच्या पोटात दोन चाकं होती. एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आज चाकं गेली, पण माउस टेबलावर सरकतो तो दोनच प्रकारे. सहा प्रकारचं हलणं दोन प्रकारांत कोंबायचं, म्हणजे मग हे बटण दाबून ओढा, ते बटण दाबून फिरवा, अशी कसरत आली. त्यात पडदा सपाट. पायाखाली जमीन नाही. चक्कर येणार नाही तर काय!

तुमच्या आई-बाबांनी १९९३ सालचा 'जुरासिक पार्क' पाहिला असेल. त्यातली मुलगी संगणकात फाईल शोधते, तेव्हा पडद्यावर ठोकळ्यांचं शहर दिसतं आणि ती त्यावरून उडत जाते. तो सिनेमावाल्यांचा बनाव नव्हता. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीचा तो खराखुरा प्रोग्रॅम होता. दिसायला झकास! पण फाईल शोधायला कोण उडत बसणार? आजही आपण फायली साध्या यादीतच शोधतो. धुळ्याला माझी सासुरवाडी. तिथे गल्ल्यांना नंबर आहेत. चार नंबरची गल्ली शोधायला कुणी विमानात बसत नाही.

पण डोंगर-दरी यादीत कशी मावणार? तिथे तिसरी मिती हवीच. मग करायचं काय? त्याचं उत्तर मला अजिंठ्यानेच दिलं. तिथे वाघूर नदी घोड्याच्या नालासारखं वळण घेते आणि कड्यात लेणी आहेत. जागा किती अवघड! तरी कोणी हरवत नाही, कारण कड्याला धरून एकच पायवाट जाते. लेण्यांचे नंबरही वाटेच्या क्रमाने आहेत, वयाच्या नाही. सगळ्यांत जुनी लेणी ९ आणि १० नंबरची, पण पहिली भेट होते १ नंबरच्या लेण्याची. म्हणजे दरी तीन मितींची, पण आपण चालतो एका रेषेत.

हे मी वर्गात सांगत होतो, तोच 'मी ढ' म्हणणारी मुलगी म्हणाली, "सर, मग आधी नदी धरा ना. आपल्या जळगावला वाघूरचंच पाणी येतं."

अरे, खरंच की! मी कीबोर्डवर 'आर' दाबलं. दृश्य मूळपदावर आलं, उत्तर दिशा वर. ही कळ मला आधी ठाऊकच नव्हती. ती पडद्यावर ठळक दिसायला हवी, नाही का? (पालकांनो, आजीला फोनवर नकाशा दाखवताना 'दोन बोटांनी फिरव' म्हणण्याआधी सगळं सरळ कसं करायचं ते दाखवा. तिची भीती निम्मी जाईल.) मग शोधायच्या चौकटीत 'वाघूर धरण' लिहिलं आणि माउस पुन्हा तिच्याकडे दिला. ती दृश्य न कलवता, न फिरवता, फक्त खाली सरकत गेली. दक्षिणेकडे. मध्ये एकदा नदी शेतांत हरवली, तेव्हा ती मागे आली आणि पुन्हा सापडली. फर्दापूर आलं, डोंगर आले आणि तो नाल दिसला. तेव्हाच तिने दृश्य हळूच कलतं केलं. अख्खा वर्ग उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात सहल झाली. १० नंबरच्या लेण्यापाशी मी सांगत होतो की १८१९ साली जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला शिकारीला आला असताना हीच कमान दिसली. ती मात्र कठड्याशी उभी राहून खाली बघत होती.

"सर," ती म्हणाली, "ही बघा आपली नदी. आपण त्या बाजूने आलो होतो."