शवपेटीवरचा योना

संपादक महोदय,

ख्रिस्ती धर्माने रोमन शवपेट्यांवरील पुराणकथा पुसून टाकल्या, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे विधान मला मुळीच पटत नाही. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली ती ३१३ साली. मेलिएगर, एन्डिमिऑन या ग्रीक पुराणपुरुषांच्या कथा तर तिसऱ्या शतकातच मागे पडू लागल्या होत्या. त्यांच्या जागी मेंढपाळ, ऋतू, हाती ग्रंथ घेतलेले तत्त्वज्ञ आले. उलट, ख्रिस्ती पेट्यांनी जुनीच रूपे उचलली. रोमच्या सांता मारिया अँटिक्वा चर्चमधली पेटी पाहावी. वेलीखाली पहुडलेला बायबलमधला योना थेट झोपलेल्या एन्डिमिऑनच्याच ढंगात, हात डोक्यावर टाकून! आणि ३५९ साली वारलेल्या युनियस बासस या नगरप्रमुखाच्या पेटीवर सिंहासनस्थ येशूच्या पायांखाली जुना आकाशदेव अजून आहेच.

आपला,
एक वाचक