उंब्रजच्या थांब्यावरचे ताट

गेल्या महिन्यात आपल्या मंडळातील काही कुटुंबांनी बर्कलीनजीकच्या एका उपाहारगृहात एकत्र भोजन केले. गाजर कोणत्या मळ्यातले, चीज कोणत्या गोठ्यातले आणि पीच कोणत्या बागेतले, याचा तेथील पदार्थपत्रिकेवर छापलेला तपशील वाचून आपल्यातील एका सुविद्य गृहस्थांनी असे उद्गार काढले की, ताटातले अन्न कोणाच्या शेतातून आले हे विचारण्याची जाण आपल्याकडे अजून यावयाची आहे. भोवती बसलेल्या मुलांनी ते ऐकले आणि खरे मानले, याचा मला विशेष विषाद वाटला.

त्या उपाहारगृहाविषयी माझी तक्रार नाही. ॲलिस वॉटर्स यांनी १९७१ मध्ये बर्कलीत ‘शे पनीस’ सुरू केले आणि बागाईतदाराचे नाव भोजनाच्या मेजापर्यंत आणण्याचा प्रघात या देशात रूढ केला. १९८६ मध्ये रोममधील स्पॅनिश पायऱ्यांजवळ मॅकडोनाल्ड उघडू लागले तेव्हा कार्लो पेत्रिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या विरोधातून पुढे ‘स्लो फूड’ची चळवळ उभी राहिली. ही कामे मोठीच आहेत. आणि त्या दिवशी मिळालेली पदार्थपत्रिका सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी चोख होती, हेही मी मानते.

पण तारळी जेथे कृष्णेला मिळते त्या उंब्रजात, आमच्या स्वयंपाकघरात, हा उतारा माझ्या आईला तोंडपाठ होता. शाळू माळाच्या रानातला, भुईमूग नदीकाठच्या वाट्यातला, चाकवत आणि तांबडा माठ शेजारच्या मळ्यातला, दूध कोणत्या म्हशीचे आणि ती म्हैस सध्या कोणत्या बांधावर चरते, हे ती भाकरी थापता थापता सांगे. हळद सांगलीकडच्या नातेवाइकांकडून येई. हरिपूरच्या पेवांत, जमिनीच्या पोटात, ती हळद वर्षानुवर्षे कशी टिकते याचे वर्णन आम्ही गोष्टीसारखे ऐकत असू. त्या हळदीस २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या घरी ते पूर्वीच मिळालेले होते. सुतार-लोहारांस खळ्यावर बलुते मिळे, तेव्हा कोणाच्या रानाने कोणाला जेवू घातले याची रुजवात साऱ्या गावासमक्ष होत असे.

ती व्यवस्था आज आहे तशी उभी आहे असे मात्र मला म्हणावयाचे नाही. कालव्यांचे आणि उपशाचे पाणी आले, सहकारी कारखाने निघाले आणि कृष्णाकाठचे बागाईत उसाखाली गेले. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, मुले शिकली, आपल्यापैकी काहीजण त्याच पैशावर या देशात पोचलो. शाळू मात्र माण-खटावकडे आणि मंगळवेढ्याकडे उरला. आज महामार्गावर मिळणारी भाकरी ज्वारीची असली तरी ती ज्वारी उंब्रजच्या शिवारातली असेल असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

माझे खरे गाऱ्हाणे याच महामार्गाविषयी आहे. पुण्याहून कोल्हापूरकडे जाताना उंब्रज-कऱ्हाडच्या पट्ट्यात आपण सारेच थांबतो, आणि घरची ओढ अनावर झालेली असते म्हणून ‘आख्खा मसूर’ मागवतो. कांदा-लसणीच्या चटणीचा तो लालभडक रस्सा, वर तर्री, सोबत रोटी; पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येते आणि ते केवळ तिखटाचे नसते. आपण त्याला आपल्या मातीची चव म्हणतो. परंतु मसूर मुख्यत्वे पिकतो तो मध्य प्रदेशात आणि उत्तर प्रदेशात, आणि देशाची गरज तेवढ्याने भागत नाही म्हणून तो कॅनडातून आणि ऑस्ट्रेलियातून जहाजे भरभरून येतो. आपल्या वाटीतला दाणा सस्कॅचेवानच्या मैदानातला असण्याचा संभव आहे. चव आपली आहे, हात आपले आहेत. रान आपले नाही.

आणि त्याच वेळी, मसूर गावावरून तारगाव, रहिमतपूरकडे गेले की ज्या कोरेगाव तालुक्यात आपण पोचतो तेथे खरिपात वाघ्या घेवडा पिकतो. फिकट दाण्यावर तांबडे पट्टे, पातळ साल, शिजला की लोण्यासारखा मऊ; त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. हा घेवडा पोत्यांत भरून उत्तरेस जातो आणि तेथे राजमा म्हणून खपतो. परदेशचे कडधान्य उंब्रजला यावे आणि कोरेगावचे कडधान्य उंब्रजला वळसा घालून दिल्लीस जावे, हा कोणत्या हिशेबाचा जमाखर्च?

मागच्या खेपेस मी एका हॉटेलच्या मालकांना हेच विचारले. भला माणूस, गल्ल्यावरून उठून माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, “ताई, मसूर भिजवायला नको, अर्ध्या-पाऊण तासात शिजतोय. घेवडा रात्री भिजत घालावा लागतोय. आन् सकाळी गाडीतनं उतरलेलं गिऱ्हाईक पनीर मागतंय. मग भिजल्याला घेवडा मी कुनाला घालू?”

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते, पण ते उत्तर त्यांनी द्यावयाचे नसून आपण द्यावयाचे आहे. स्थानिक अन्न खाणे म्हणजे आपण दिलेल्या पैशाने कोणत्या शिवारातील चूल पेटते याची चौकशी करणे, आणि ते ताट कोणीतरी मागणार आहे असा भरवसा आचाऱ्यास आधी देणे. बर्कलीत आपण महिनाभर आधी जागा राखून ठेवतो, गाजराची कुळी आदराने ऐकून घेतो आणि सांगतील ती रक्कम मोजतो. उंब्रजला मात्र दहा मिनिटांत ताट हवे, स्वस्त हवे, आणि मुलांना सवयीचे तेच हवे. आदर दाखवावयाचाच तर तो दोन्ही ठिकाणी सारखा दाखवावा.

आवाज चढला असल्यास वाचकांनी क्षमा करावी. प्रवासाने शिणलेली लेकरे घेऊन उतरलेल्या आईने काय मागवावे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. आणि नोकऱ्या सांभाळून मंडळाच्या पंगती उठवणाऱ्या कार्यकारिणीस तर मुळीच दोष द्यावयाचा नाही. तरीही गणेशोत्सवाच्या भोजनात गोठवलेली भेंडी आणि कारली येतात, आणि येथून काही तासांवर फ्रेस्नोच्या परिसरात ह्मोंग शेतकरी ताजी कारली पिकवतात, याचा विचार कधीतरी व्हावा. तो विषय मोठा आहे. पुढल्या अंकात कोणी लिहिल्यास मी ऋणी राहीन.

तूर्त एवढेच सुचवते. डिसेंबरात जे देशी जाणार असतील त्यांनी पुण्याहून निघण्याच्या आदल्या दिवशी, दुपार टळण्यापूर्वी, उंब्रजच्या आपल्या नेहमीच्या हॉटेलात दूरध्वनी करावा. उद्या अमुक वेळी इतकी माणसे येत आहोत, कोरेगावचा घेवडा मिळाल्यास भिजत घाला, भाकरी शाळूची करा, आणि आलो नाही तरी ताटांचे पैसे आम्ही देऊ, असे स्पष्ट सांगावे. मुलांसाठी एक पनीर सांगितले तरी चालेल.