लेफ्ट गार्डला कोण विचारतो?

कॉलेज फुटबॉलमध्ये (अमेरिकन, जे मुख्यतः हाताने खेळतात ते) दर डिसेंबरात 'ऑल-कॉन्फरन्स' टीम जाहीर होते. एका कॉन्फरन्समधल्या सगळ्या कॉलेजांतून त्या सीझनचे सर्वोत्तम खेळाडू निवडायचे आणि कागदावर एक संघ मांडायचा. फर्स्ट टीम, सेकंड टीम वगैरे. एसईसी या दक्षिणेतल्या दादा कॉन्फरन्सची एक यादी असोसिएटेड प्रेसचे पत्रकार करतात, दुसरी कोचेसच्या मतांनी बनते. पत्रकारांच्या यादीला लोक नाकं मुरडतात. पेपरवाले काय, आकडे बघून नावं लिहिणार! कोचेसची यादी मात्र ब्रह्मवाक्य. अरे, त्यांना नाही कळणार तर कोणाला?

माझं भांडण नेमकं या वाक्याशी आहे.

जुलै २००९ ची गोष्ट. कोचेसनी निवडलेली प्री-सीझन ऑल-एसईसी टीम जाहीर झाली. क्वार्टरबॅक अर्थातच फ्लॉरिडाचा टिम टीबो. २००७ ची हाइजमन ट्रॉफी त्याची, २००८ च्या सीझनचे नॅशनल चँपियन ते. पण निवड एकमताने झाली नाही, एक मत कमी पडलं! झालं, पत्रकारांची शोधमोहीम सुरू. शेवटी साउथ कॅरोलायनाचा कोच स्टीव्ह स्पुरियरने कबूल केलं की ते मत माझं. म्हणजे सही माझी. बॅलट भरलं आमच्या फुटबॉल ऑपरेशन्स बघणाऱ्या माणसाने, आणि मी वरवर नजर टाकून सही केली. त्या बॅलटवर मिसिसिपीच्या जेव्हन स्नीडचं नाव होतं. स्पुरियरने टीबोची माफी मागितली, कॉन्फरन्सला फोन करून मत बदललं. (हा स्पुरियर स्वतः फ्लॉरिडाचा क्वार्टरबॅक, १९६६ चा हाइजमन विजेता. आज फ्लॉरिडाच्या स्टेडियमपाशी दोघांचेही पुतळे आहेत.)

सगळे हसले, विषय संपला. पण ही चूक सापडली कशी? टीबो होता म्हणून. स्पुरियरच्या त्याच कागदावर लेफ्ट गार्डच्या रकान्यात काय लिहिलं होतं, हे कोणी विचारलं? नाही. आणि कधी विचारणारही नाही.

लेफ्ट गार्ड म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे उभ्या असलेल्या पाच धिप्पाड पोरांपैकी एक. समोरून धावून येणाऱ्याला अडवायचं, बस्स. पास फेकणाऱ्याचे यार्ड मोजतात, पकडणाऱ्याचे मोजतात, बॉल घेऊन पळणाऱ्याचे मोजतात. याच्या नावापुढे अधिकृत स्कोअरशीटमध्ये काहीच नाही. प्रॉडक्शन सपोर्टवाल्याचं जे होतं तेच. सर्व्हर रात्रभर नीट चालला म्हणून सकाळी कोणी 'ग्रेट जॉब'ची मेल टाकत नाही, पडला की मात्र अख्ख्या फ्लोअरला नाव माहीत! म्हणजे ज्याच्यासाठी आकडे नाहीत, त्याच्यासाठी बघणाऱ्याचा डोळा हाच एक पुरावा. आणि तो डोळा कुठे असतो, तर सही करण्यात.

तुम्ही म्हणाल, ती प्री-सीझनची यादी होती, तिला कोण विचारतो. मान्य. पण डिसेंबरात कोच निवांत असतात असं वाटतं का? तेव्हा रिक्रूटिंग असतं, बोल गेमची तयारी असते, कुणाची नोकरी गेलेली असते. शिवाय साधं गणित करा. २००९ मध्ये एसईसीत १२ टीम्स होत्या आणि प्रत्येकीच्या ८ कॉन्फरन्स मॅचेस. म्हणजे उरलेल्या ११ पैकी ८ प्रतिस्पर्धी कोचने समोरासमोर पाहिलेले. २०२४ ला टेक्सस आणि ओक्लाहोमा आल्यावर टीम्स झाल्या १६, मॅचेस तेवढ्याच. १५ पैकी ८! आणि स्वतःच्या खेळाडूंना, म्हणजे ज्यांना तो रोज बघतो त्यांना, मत द्यायची बंदी. (ती हवीच, पण बघा काय शिल्लक राहतं.) फिल्म बघतात हो, मान्य. पण समोरच्या टीमचा डिफेन्स अभ्यासताना तिसऱ्याच टीमचा गार्ड जेवढा फ्रेममध्ये येईल तेवढाच दिसणार.

हे आपल्या अप्रेजलसारखंच झालं. ज्याने तुमचा कोड कधी उघडलाही नाही, तो मीटिंगमध्ये तुमचं रेटिंग ठरवणार!

पूर्वी ठीक होतं, शोभेचा कागद होता. आता त्यात पैसा आहे. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करता येते, आणि जुलै २०२५ पासून कॉलेजं त्यांना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला साधारण २ कोटी ५ लाख डॉलर. कॉलेज बदलू पाहणाऱ्या क्वार्टरबॅकला दाखवायला यार्ड आहेत. गार्डकडे 'सेकंड टीम ऑल-एसईसी' एवढीच एक ओळ.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक कोचचं बॅलट नावासकट छापा. एपी टॉप २५ मध्ये प्रत्येक पत्रकाराचं मत जाहीर असतं, आणि कोचेस पोलचं रेग्युलर सीझनचं शेवटचं बॅलटही २००५ पासून छापतात. तेव्हा काही आभाळ कोसळलं नाही. प्रतिस्पर्धी कोच रुसेल म्हणता? रुसू दे. आणि लाइनमनना एकेकटं तोलायचा हट्टच सोडा. जो मूर अवॉर्ड २०१५ पासून पाचही जणांच्या लाइनला मिळून देतात. २०२४ चा आर्मीला गेला, अलाबामा किंवा ओहायो स्टेटला नाही.

एसईसी २०२६ च्या सीझनपासून ९ कॉन्फरन्स मॅचेसवर जातेय. १५ पैकी ९. म्हणजे सहा लेफ्ट गार्ड तरीही न बघितलेलेच.