ॲपने विचारलंच नाही, तरी त्याला फोनची ओळख कळली कशी?

फोनवर नवं ॲप टाकलं की ‘लोकेशन वापरू का?’, ‘कॉन्टॅक्ट पाहू का?’ असं विचारणाऱ्या चौकटी येतात. आपण ‘नको’ म्हणतो आणि निश्चिंत होतो. पण ही चौकट म्हणजे सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर. मागची भिंत किती उंच आहे, हे रजिस्टर पाहून कळत नाही. प्रायव्हसीची आपली सगळी चर्चा रजिस्टरभोवती फिरते. ती भिंतीबद्दल व्हायला हवी, असं माझं मत आहे.

त्याला कारण आहे २०१९चं एक प्रकरण. बर्कलीशी संबंधित संशोधकांसह एका गटाने ८८ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. त्यात ‘युनिटी’ या गेम बनवण्याच्या लोकप्रिय इंजिनचा कोड फोनचा मॅक ॲड्रेस वाचत असल्याचं दिसलं. त्यासाठीची परवानगी नसतानाही तो वाचणारी ४२ ॲप सापडली, आणि तसा कोड पोटात असलेली तब्बल १२,४०८. त्यांनी वापरलेली वाट होती ‘आयओसीटीएल’ नावाच्या सिस्टीम कॉलची.

ही आयओसीटीएल काय भानगड?

कोणतंही ॲप वायफायच्या चिपला थेट हात लावू शकत नाही. मधे कर्नल असतो, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. अँड्रॉइडमध्ये तो लिनक्सचा आहे. काही हवं असेल तर कर्नलकडे अर्ज करावा लागतो. त्या अर्जाला सिस्टीम कॉल म्हणतात. आयओसीटीएल हा तसाच एक अर्ज. ॲपने सॉकेट उघडायचं, ठरलेल्या नमुन्यात इंटरफेसचं नाव भरायचं (वायफायसाठी बहुधा ‘डब्ल्यूलॅन-शून्य’) आणि काय हवं त्याचा सांकेतिक शब्द द्यायचा. कर्नल त्याच नमुन्यात उत्तर भरून परत देतो. सी भाषेत हे सगळं जेमतेम दहा-बारा ओळींचं काम आहे.

गंमत त्या सांकेतिक शब्दांत आहे. आयपी ॲड्रेस विचारायचा असेल तर शब्दाच्या मधे ‘जी’ अक्षर येतं, म्हणजे गेट. ॲड्रेस बदलायचा असेल तर त्याच जागी ‘एस’, म्हणजे सेट. फरक एका अक्षराचा. पण ‘एस’ आला की कर्नल आधी अधिकार तपासतो. नेटवर्क प्रशासकाचा हक्क नसेल तर अर्ज फेटाळला जातो. ‘जी’ला मात्र मूळ लिनक्समध्ये अशी अडवणूक नाही. इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये ‘आयएफकॉन्फिग’ टाइप करून जर्नल भरलेल्यांना हे आठवेल. पत्ता पाहायला पासवर्ड लागत नसे, बदलायला लागे.

यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. इंटरफेस हाताळण्याची ही पद्धत १९८३च्या ४.२ बीएसडी या युनिक्समधून आली. योगायोग असा, की तीही बर्कलीचीच. मॅक ॲड्रेस वाचण्याचा शब्द पुढे लिनक्सने जोडला. त्या जगात कॉम्प्युटर संस्थेचा असे आणि त्यावर चालणारा प्रोग्राम आपल्याच माणसाचा. त्याने मशीनचा क्रमांक वाचला तर बिघडलं काय? प्रश्न निर्माण झाला तो हाच कर्नल आपल्या खिशात आल्यावर. आता प्रोग्राम परक्याचा आणि मशीन आपलं.

एका क्रमांकाने काय होतं?

मॅक ॲड्रेस हा ४८ बिटांचा क्रमांक चिपसोबत येतो. जाहिरातींसाठीचा आयडी सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतो, पण हा फॅक्टरी रीसेट मारूनही बदलत नाही. त्यामुळे जुना जाहिरात आयडी पुसून तुम्ही नवा घेतलात, तरी मॅक तोच असल्याने दोन्ही ओळखी पुन्हा जोडता येतात. युनिटी मूळ क्रमांक नव्हे, त्याचा हॅश पाठवत होतं. पण त्याने फारसा फरक पडत नाही. एका क्रमांकाचा हॅश दर वेळी तोच येतो. माणसाचं नाव न घेता कायम एकाच टोपणनावाने नोंद ठेवावी, तसं ते आहे.

गुगलने २०१५मध्ये अँड्रॉइड ६ आणलं, तेव्हा मॅक ॲड्रेस विचारणाऱ्या नेहमीच्या फंक्शनमधून सगळ्यांना एकच खोटं उत्तर द्यायला सुरुवात केली. म्हणजे पुढचं दार लावलं. मागच्या वाटा नंतर हळूहळू बुजल्या. अँड्रॉइड १०पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा मॅक दाखवू लागला. अँड्रॉइड ११ने त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपना तो वाचायच्या इतर वाटाही बंद केल्या.

या सगळ्या दुरुस्त्या अपडेटमधून येतात, आणि माझी तक्रार नेमकी इथे आहे. ज्यांचा फोन अँड्रॉइड ९वर अडकला, त्यांच्यासाठी भिंत जुन्याच उंचीची राहिली. आपल्याकडे २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, नोव्हेंबर २०२५मध्ये त्याचे नियमही आले. त्याचा भर संमतीवर आहे आणि तो योग्यच. पण संमती न विचारता घेतलेला क्रमांक वापरकर्त्याला दिसतच नाही, मग तो तक्रार कशाची करणार? युरोपीय संघाने जून २०२५पासून नव्या फोनसाठी, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षं अपडेट उपलब्ध ठेवण्याचा नियम केला आहे. आपल्याकडेही कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलइतक्याच मोठ्या अक्षरात बॉक्सवर ‘अपडेट अमुक वर्षापर्यंत’ असं छापण्याची सक्ती का नसावी? दहा-बारा हजारांचा फोन चार-पाच वर्षं वापरून पुढे घरातल्या मोठ्यांना किंवा मुलांना देणारे आपण. सगळ्यात जुनी भिंत त्यांच्याच वाट्याला येते.

तोवर एवढं करा. सेटिंगमध्ये जोडलेल्या वायफायच्या नावावर जाऊन ‘प्रायव्हसी’ उघडा. तिथे ‘रँडमाइज्ड मॅक’ निवडलेलं असावं; आयफोनमध्ये याला ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ म्हणतात. ऑफिसच्या किंवा हॉस्टेलच्या वायफायवर फोनचा मॅक नोंदवावा लागत असेल, तर फक्त त्या एका नेटवर्कसाठी ते बंद ठेवावं लागू शकतं.