लिहिणाऱ्याला काय हवंय?

दिवाळीला निपाणीला गेलो की वहिनी हळूच पुतण्याचं दप्तर माझ्यापुढे सरकवते. "भावोजी, जरा बघा ह्याचं." पोरगं सातवीत. गणितात चलाख, पण 'उतारा वाचून उत्तरे लिहा' आलं की घोडं अडतं. यंदा अडलं ते एकाच प्रश्नापाशी: लेखकाचा उद्देश कोणता? पर्याय तीन. माहिती देणे, मनोरंजन करणे, पटवून देणे. गड्यानं पाचही उताऱ्यांना 'माहिती देणे'वर खूण केलेली.

"अरे, सगळ्यांना एकच कसं?"

"काका, सगळ्यांत माहिती आहेच की."

तसं बघितलं तर त्याचं चुकत नव्हतं. 'झाडे लावा' म्हणणाऱ्या उताऱ्यातही झाडांची माहिती असतेच. उताऱ्यात काय आहे हे आपण मुलांना दहा वेळा विचारतो, ते कुणी आणि का लिहिलं हे विचारत नाही. माझ्या नोकरीतही हेच होतं. दुसऱ्यानं लिहिलेला कोड काय करतो ते पाच मिनिटांत कळतं, त्यानं ती ओळ का घातली हे शोधण्यात अर्धा दिवस जातो.

व्याख्या सांगून काही होईना, म्हणून त्याला घेऊन कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर गेलो. (वहिनीला हे आता इथंच कळणार.) बिडीचा एक कट्टा हातात घेतला आणि विचारलं, "ह्याच्यावर किती जणांनी लिहिलंय?"

त्यानं उलटसुलट करून बघितलं. एका बाजूला छापाचं नाव, नक्षी, रंग. दुसरीकडे कर्करोगाचं ते बघवत नाही असं चित्र.

"दोघांनी. एक म्हणतोय घे, दुसरा म्हणतोय घेऊ नको."

"मग दोन्ही एकाच मालकानं का छापलं?"

ह्यावर तो अडला. मग सांगितलं, की तंबाखूच्या पाकिटांवर 2009 पासून चित्राचा इशारा सक्तीचा आहे, आणि 2016 पासून त्यानं 85 टक्के जागा व्यापावी असा नियम आहे. "म्हणजे छापणारा एक आणि बोलणारा दुसरा!" पोरगं खूश. मग पर्याय बाजूला ठेवून एकच प्रश्न ठरवला: हे वाचून मी काय करावं, किंवा मला काय वाटावं, असं लिहिणाऱ्याला वाटतं?

जर्द्यावर उभ्या राहिलेल्या गावात, जर्द्याच्याच पैशावर शिकलेल्या घरात हा धडा बिडीच्या कट्ट्यावरून द्यावा, ह्याची गंमत मला नंतर लक्षात आली.

त्यानंतर त्यानं भंडावून सोडलं. बेळगावला आत्याकडे निघालो, तर पाटी बघून म्हणाला, "काका, इथं 'बेळगावी' लिहिलंय, आत्याच्या पत्रिकेवर 'बेळगाव' होतं. दोघांना वेगवेगळं काय हवंय?" सरकारदरबारी 1 नोव्हेंबर 2014 पासून नाव बदललं एवढं सांगून मी सुटलो. पण आत्याकडे मराठी आणि कन्नड, दोन्ही वर्तमानपत्रं येतात आणि तो कन्नड माझ्यापेक्षा भराभर वाचतो. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यं झाली. त्या तारखेला एकाच शहरात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक निघते, दुसरीकडे काळ्या दिनाची सायकल फेरी. एका पेपरात वर एक फोटो, दुसऱ्यात दुसरा.

"ह्यातलं खोटं कुठलं?"

"दोन्ही घडलंय. कुणी काय वर घेतलं आणि काय आतल्या पानावर ढकललं, ते बघ."

आत्यानं लगेच स्वयंपाकघरातून "पोराला राजकारण नको शिकवू" म्हणून ओरडून घेतलं. मला वाटतं, सीमाभागातल्या पोरांना हे आपण शिकवलं नाही तर दुसरं कुणीतरी शिकवेलच, आणि त्याचा उद्देश काय असेल सांगता येत नाही.

रात्री पु. लं.चं 'रावसाहेब' ऐकलं. पु. ल. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवायचे, तिथले हे कृष्णराव हरिहर. पोरगं हसून लोळलं. "मनोरंजन करणे!" म्हणाला. शेवटी आत्या गप्प झालेली बघून मात्र म्हणाला, "काका, एकच पर्याय का असतो हो?" पेपरात एकच लिही म्हटलं, मार्क त्यालाच आहेत.

निपाणीला परतलो त्या संध्याकाळी आप्पांनी नेहमीची गोष्ट काढली. 1981 ची. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींबरोबर हजारो शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले होते. त्या जागेला लोकांनी आंदोलननगर नावच दिलं. आप्पा तेव्हा 22 वर्षांचे. गावोगावच्या बायका भाकरी पाठवायच्या, कुठल्या गावची चटणी झणझणीत होती हेसुद्धा त्यांना पाठ आहे. ते रंगून सांगतात, आम्ही हसतो.

पुतण्या माझ्या कानाशी लागला. "काका, आप्पा दरवेळी भाकरीपाशीच थांबतात. पुढचं का सांगत नाहीत?"

पुढचं म्हणजे 6 एप्रिल. पोलिसांचा गोळीबार, 12 शेतकरी गेले. गावात हे सगळ्यांना ठाऊक आहे. ही गोष्ट मी तीस वर्षं ऐकतोय, पण ती कुठे थांबते इकडे माझं लक्षच नव्हतं.

मी त्याला डोळ्यांनी दटावलं, पण त्यानं विचारलंच. आप्पांनी टीव्हीचा आवाज बंद केला. बराच वेळ नुसतं हातातल्या रिमोटकडे बघत बसले. मग त्या दिवशी त्यांच्या शेजारी बसलेल्या माणसाचं नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं.